तोळाभराची गोळी

दिवाळीत फटाक्यांच्या दुकानापुढे उभी असलेली मुले पाहावीत. ज्याचा आवाज मोठा तो फटाका उत्तम, हा त्यांचा सिद्धांत. विसाव्या शतकाच्या आरंभी आफ्रिकेत हत्तींच्या शिकारीला जाणारे बहुतेक साहेबही याहून वेगळे काही मानत नसत. जनावर मोठे, तर काडतूसही मोठे! ५७७ बोअरच्या दुनळी रायफलीतून चार तोळ्यांहून जड गोळी सुटे. बंदुकीचे वजन १३ पौंडांच्या आसपास, आणि खांद्याला बसणारा दणका असा, की दुसरी गोळी झाडण्याआधी नेमबाजाने कुलदैवताचे स्मरण करावे.

त्याच काळात वॉल्टर बेल नावाचा एक स्कॉटिश तरुण युगांडाच्या ईशान्येकडील करामोजा मुलखात हस्तिदंतासाठी हिंडत होता. त्याच्या हातातले काडतूस पाहून कोणालाही हसू आले असते. ते होते जर्मनीच्या माउझरचे, सात मिलिमीटरचे. मुळात सैन्यासाठी, म्हणजे माणसांसाठी काढलेले. स्पेनने ते १८९३ मध्ये स्वीकारले आणि १८९९ ते १९०२ च्या युद्धात बोअर शेतकऱ्यांनी त्याचा प्रसाद खुद्द इंग्रजांना दिला. पुढे लंडनच्या बंदूकवाल्यांकडे त्याचेच '२७५ रिग्बी' असे बारसे झाले. शत्रूचे नाव घेऊन शिकारीला जाणे साहेबाला प्रशस्त वाटले नसावे! बेलच्या गोळीचे वजन तोळ्याहून किंचित कमीच, आणि जोर ५७७ च्या एक-तृतीयांशाहूनही कमी.

मग हत्ती पडे कसा? त्याचे उत्तर आपल्या घरातच आहे. धान्याच्या पोत्यात दाभण सहज जाते, लाटणे जात नाही. बेलची गोळी लांब, निमुळती नव्हे पण सडपातळ, वरून कठीण धातूचे पूर्ण आवरण असलेली. ती न चेपता, न फुटता सरळ आत जाई. परंतु आत जाऊन करायचे काय? हत्तीचे डोके दिसते पहाडाएवढे. त्यातला बराच भाग मधाच्या पोळ्यासारखे पोकळ हाड. मेंदू पार मागे, खोल दडलेला. बेलने मेलेल्या हत्तीची कवटी चक्क करवतीने चिरून ती जागा पाहिली. चित्रकलेत हात चांगला असल्यामुळे तिचे आराखडेही काढले. समोरून, बाजूने, अगदी मागून तिरकससुद्धा, मेंदूची वाट कुठून आहे ते त्याला पाठ झाले. शिवाय हलकी रायफल दिवसभर स्वतःच्या हाती वागवता येई, दणका सौम्य म्हणून नेम हलत नसे. भूमितीचा इतका चोख विद्यार्थी आम्हा मास्तरांच्या वाट्याला क्वचितच येतो.

बेलने एकूण १,०११ हत्ती मारले. त्यांतले सुमारे ८०० या काडतुसाने. इथे मात्र कौतुक घशात अडकते. त्या दातांचे पुढे बिलियर्डचे चेंडू झाले आणि पियानोच्या पट्ट्या.

आणि बेलचा हात सगळ्यांना कुठला असणार? तीच चिमुकली गोळी चार बोटे चुकली, की जखमी हत्ती जंगलात चालता होतो आणि पुढे भेटेल त्याला तुडवतो. म्हणूनच आफ्रिकेतील अनेक देशांनी धोकादायक जनावरांसाठी ३७५ पेक्षा लहान बोअरला कायद्याने मनाई केली. कायदा करणाऱ्यांनी बेलचा नव्हे, सामान्य शिकाऱ्याचा विचार केला, आणि माझ्या मते ते योग्यच झाले.

हे काडतूस आपल्या देशातही येऊन गेले. (आपल्याकडची शिकार १९७२ च्या कायद्याने संपली, हे एक बरे झाले.) १९०७ साली कुमाऊंत चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी जिम कॉर्बेटला २७५ रिग्बी रायफल बक्षीस दिली. रुद्रप्रयागचा बिबट्या १९२६ मध्ये तिनेच पडला. चंपावतला मात्र कॉर्बेटच्या हाती ५०० बोअरची भारी रायफल होती आणि खिशात काडतुसे अवघी तीन. ती संपली तेव्हा वाघीण जिवंतच होती. शेवटी कॉर्बेट धावत गेला आणि तहसीलदाराची जुनी, खिळखिळी बंदूक उसनी घेऊन आला.