फादर आपल्या धाराशिवला आले होते



परवा गटाच्या बैठकीत हरिपाठाचं बोलणं निघालं. एक आजी म्हणाल्या, "मला वाचता येत नाही, पण सगळा पाठ आहे. आपल्या बोलीत आहे म्हणून ध्यानात राहतो बघा." त्यांचं हे बोलणं ऐकलं आणि आम्हाला फादर फ्रान्सिस दिब्रिटो आठवले. आज त्यांच्याबद्दल बोलू या.

१० ते १२ जानेवारी २०२० ला आपल्या गावात ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. तेव्हा शहराचं नाव उस्मानाबाद होतं. संमेलनाच्या जागेला आपल्या तेरच्या गोरोबाकाकांचं नाव दिलं होतं. अध्यक्ष होते वसईचे कॅथलिक धर्मगुरू, फादर दिब्रिटो. ख्रिस्ती धर्मगुरू या संमेलनाचा अध्यक्ष होण्याची ती पहिलीच वेळ.

त्यांची निवड सप्टेंबर २०१९ मध्ये झाली आणि लगेच विरोध सुरू झाला. पाद्री मराठीच्या संमेलनाचा अध्यक्ष कसा, असं काही जण विचारू लागले. धमक्या आल्या. उद्‌घाटन करणारे कवी ना. धों. महानोर यांनाही जाऊ नका म्हणून सांगितलं गेलं. तरी दोघंही आले. फादरांना तर पाठीचं दुखणं होतं. संमेलन पार पडलं. यजमान आपण होतो, आणि याचा आम्हाला आजही अभिमान वाटतो.

पण "पाद्री आणि मराठी, यांचा काय संबंध?" हा प्रश्न पडलेल्या काही बाया आपल्यातही असतील. तर मग जुनी गोष्ट ऐकायला हवी.

वसईवर दोनशे वर्षं पोर्तुगिजांचं राज्य होतं. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि पोर्तुगीज गेले. ख्रिस्ती झालेली घरं मात्र तिथंच राहिली. केळी, पानवेली, भाजीपाला लावत राहिली, घरात आपलीच बोली बोलत राहिली. फादर अशाच मुलखातले, नंदाखाल गावचे.

आता अडचण बघा. घरातली भाषा मराठी, पण चर्चमधली मुख्य उपासना लॅटिनमध्ये. लॅटिन ही दूर रोमची जुनी भाषा. धर्मगुरू वेदीकडं तोंड करून, लोकांकडं पाठ करून मंत्र म्हणायचे. बाया गुडघे टेकायच्या, माळ ओढायच्या, पण समोर काय म्हटलं जातंय ते बहुतेकींना कळत नसे.

आपल्याला हे नवीन आहे का? निजामाच्या राज्यात आपल्या आज्या-पणज्यांचंही असंच होतं. कचेरीचा कारभार उर्दूत. जमीन आपली, पण तिचा कागद वाचायला दुसरा माणूस शोधायचा. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं, त्यानंतर हळूहळू ते बदललं.

चर्चमध्ये बदल आला तो १९६२ ते १९६५ या काळात. पोप तेविसावे जॉन यांनी जगभरच्या बिशपांची मोठी परिषद रोमला बोलावली. दुसरी व्हॅटिकन परिषद म्हणतात ती हीच. उपासना लोकांच्या भाषेत करायला तिनं वाट मोकळी केली. धर्मगुरू लोकांकडं तोंड करून उभे राहू लागले. वसईच्या चर्चमध्ये मराठी आली. पुढं बायाही वेदीजवळ उभ्या राहून बायबलचं वाचन करू लागल्या. कॅथलिकांत पुरोहितपद अजून पुरुषांकडंच आहे. उत्तर भारताचं चर्च म्हणून दुसरं प्रॉटेस्टंट चर्च आहे, तिथं मात्र बायाही पाळक होतात.

मराठीतून ख्रिस्ती भक्ती त्याच्याही आधीपासून होती. फादर स्टीफन्स हे इंग्रज धर्मगुरू गोव्यात आले, मराठी शिकले आणि १६१६ मध्ये त्यांनी ओवीत 'ख्रिस्तपुराण' लिहिलं. अहमदनगरला पाळक असलेले कवी नारायण वामन टिळक अभंग लिहायचे, कीर्तन करायचे. त्यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पत्नी लक्ष्मीबाईंना न विचारता. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, आणि १९०० मध्ये स्वतःच्या मनानं ख्रिस्ती झाल्या. नवऱ्याचा धर्म तो आपला, असं त्यांनी मुकाट्यानं मानलं नाही. शाळा न शिकलेल्या या बाईनं पुढं 'स्मृतिचित्रे' लिहिलं आणि टिळकांचं अपुरं 'ख्रिस्तायन' पुरं केलं.

फादर दिब्रिटो याच वाटेनं पुढं गेले. १९८३ ते २००७ ते 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते. चर्चच्या त्या मासिकात त्यांनी इतर धर्मांच्या लेखकांनाही जागा दिली. कितीतरी वर्षं खपून बायबल सोप्या मराठीत आणलं. ते पुस्तक म्हणजे 'सुबोध बायबल'.

पण फादर नुसते पुस्तकात रमले नाहीत. वसईच्या हिरव्या जमिनीवर बिल्डरांची नजर पडली. विहिरींचं पाणी उपसून टँकर शहराकडं धावू लागले. विहिरी आटल्या की बागा वाळणार आणि पाण्याची खेप बाईच्याच डोक्यावर येणार. टँकरची वाट बघणं म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्यातल्या बाईला वेगळं सांगायला नको. तेव्हा लोकांनी हरित वसई संरक्षण समितीच्या नावानं चळवळ केली, फादर तिच्यात पुढं होते. गुंडगिरीचा काळ होता, जिवाची भीती होती. तरी ते मागं सरले नाहीत. माती आणि पाणी वाचवणं हाही त्यांना श्रद्धेचाच भाग वाटत होता. धाराशिवला बोलतानाही त्यांचं सांगणं होतं की लिहिणाऱ्यानं गप्प बसू नये.

२५ जुलै २०२४ ला फादर गेले.

मैत्रिणींनो, यातून आम्ही एक गोष्ट घेतली. देवापुढं असो की कचेरीत, आपल्याला न कळणाऱ्या भाषेत काही चाललं की आपण नुसती मान हलवतो. तेच आपल्या भाषेत आलं की प्रश्न विचारतो. आजही गटातल्या कितीतरी जणी कर्जाच्या इंग्रजी कागदावर न वाचता सही करतात. रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की लहान कर्जाचं माहितीपत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायला हवं. तेव्हा पुढच्या वेळी कागद समोर आला की सरळ म्हणा, "भाऊ, आधी मराठीत वाचून दाखवा, मग सही." एकटीला धीर होत नसेल तर चौघी मिळून म्हणा.

आणि कोणी विचारलं की मराठी कोणाची, तर सांगा, गोरोबाकाकांची, लक्ष्मीबाईंची, फादरांची आणि आमचीसुद्धा.