तीन-चार अक्षरांचे शेपूट: पहिले वेबपान का उघडत नाही?

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या दहावीच्या ‘कम्प्युटर ॲप्लिकेशन्स’ या विषयात एचटीएमएलचा समावेश आहे. वेगवेगळ्या राज्यांतील मुले आयुष्यातील पहिले वेबपान याच निमित्ताने लिहितात. मजकूर नोटपॅडमध्ये लिहिला जातो, फाइलला ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’ असे नाव दिले जाते आणि ती ब्राउझरमध्ये उघडली जाते. पण कित्येकदा शीर्षक आणि परिच्छेद दिसण्याऐवजी कोनी कंसांतील सगळ्या खुणा जशाच्या तशा पडद्यावर उमटतात. मूल आपलेच लेखन पुनःपुन्हा तपासत बसते. लेखन अचूक असते. चूक फाइलच्या नावाच्या शेपटात असते. त्या शेपटाला सुमारे साठ वर्षांचा इतिहास आहे.

संगणकाच्या दृष्टीने प्रत्येक फाइल म्हणजे शून्य आणि एक यांची रांग. ती रांग चित्र आहे, हिशेब आहे की वेबपान, हे कोठेतरी नोंदवावे लागते. त्यासाठी तीन जागा संभवतात : फाइलचे नाव, नावाबाहेरची स्वतंत्र नोंद, किंवा फाइलचा आशय. संगणकाच्या इतिहासात या तिन्ही वाटा चोखाळल्या गेल्या.

नावाची वाट रूढ होण्यामागे काटकसर होती. अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या १९६४ च्या पीडीपी-६ या यंत्राचा एक ‘शब्द’ ३६ बिटांचा होता. सहा बिटांना एक अक्षर या हिशेबाने त्यात सहा अक्षरांचे नाव बसे आणि अर्ध्या शब्दात तीन अक्षरांचे एक्स्टेन्शन. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये रचलेल्या सीपी/एम प्रणालीत ही पद्धत आठ अधिक तीन अक्षरांची झाली, आणि १९८१ मध्ये डॉसने ती उचलली. डॉस नाव आणि एक्स्टेन्शन यांमधला टिंब साठवतही नसे. अकरा अक्षरांच्या नोंदीतील शेवटची तीन अक्षरे म्हणजेच एक्स्टेन्शन. युनिक्समध्ये मात्र एक्स्टेन्शन हा केवळ संकेत राहिला. १९८४ च्या मॅकिन्टॉशने तर फाइलचा प्रकार नावाबाहेर, चार अक्षरांच्या वेगळ्या नोंदीत ठेवला.

१९९० च्या अखेरीस जिनिव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी पहिले वेबपान तयार केले, ते युनिक्सच्या वंशातील नेक्स्ट संगणकावर. तेथे लांब नावांना मज्जाव नव्हता. म्हणून त्या पानाच्या पत्त्याच्या शेवटी ‘एचटीएमएल’ ही चारही अक्षरे सुखाने नांदली. डॉसवर मात्र तीनच अक्षरांना जागा असल्याने ‘एचटीएम’ हे आखूड रूप जन्माला आले. आजही दोन्ही रूपे चालतात.

वेबने पुढे दुसरी वाटही स्वीकारली. ईमेलमधून निरनिराळ्या प्रकारचा मजकूर पाठवता यावा यासाठी नेथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी १९९२ मध्ये ‘माइम’ हे मानक मांडले होते. तेच वेबने घेतले. सर्व्हर पान पाठवताना सोबत ‘हा एचटीएमएल मजकूर आहे’ अशी चिठ्ठी जोडतो, आणि ब्राउझर मुख्यतः त्या चिठ्ठीवर विसंबतो. पण नवशिक्याचे पान त्याच्याच संगणकाच्या डिस्कवर असते. तेथे सर्व्हर नसतो, म्हणून चिठ्ठीही नसते. अशा वेळी ब्राउझरला आधार उरतो तो प्रामुख्याने एक्स्टेन्शनचा. एक्स्टेन्शन ‘टीएक्सटी’ असेल तर ब्राउझर त्या फाइलला साधा मजकूर मानतो आणि खुणांसकट दाखवतो. त्याच्या परीने त्याचे वागणे बिनचूक असते.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतातील सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्यानंतर नवव्या दिवशी, २४ ऑगस्टला, विंडोज ९५ बाजारात आले. त्याने लांब नावांची मुभा दिली, आणि ओळखीची एक्स्टेन्शने नजरेआड ठेवण्याचा प्रघातही पाडला. पडदा नीटनेटका दिसावा, हा हेतू चांगला होता. परिणाम मात्र असा, की ‘इंडेक्स डॉट टीएक्सटी’ ही फाइल नुसती ‘इंडेक्स’ दिसे. तिचे नाव बदलून ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’ केले, तरी लपलेले शेपूट तसेच राही आणि खरे नाव ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल डॉट टीएक्सटी’ होई. ज्या माहितीवर फाइलचे उघडणे अवलंबून, तीच वापरणाऱ्यापासून झाकली गेली. हा प्रघात विंडोजमध्ये अजूनही टिकून आहे.

या झाकपाकीची मोठी किंमत मे २००० मध्ये मोजावी लागली. ‘आय लव्ह यू’ नावाचा उपद्रवी प्रोग्राम ईमेलमधून जगभर पसरला. त्याच्या फाइलच्या नावात ‘टीएक्सटी’ दिसे, आणि त्यामागचे ‘व्हीबीएस’ हे खरे एक्स्टेन्शन विंडोज लपवून ठेवी. प्रेमपत्र समजून लोकांनी प्रत्यक्षात प्रोग्राम चालवला. वर्गातील मुलाला अडवणारी आणि लक्षावधी संगणकांत हा उपद्रव शिरू देणारी त्रुटी मुळात एकच होती.

खुद्द बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्ये वेबपत्त्यांतून एक्स्टेन्शन वगळावे असा सल्ला दिला होता, कारण तंत्र बदलते, पण पत्ता टिकायला हवा. सर्व्हरच्या जगात तो सल्ला रास्त आहे, कारण तेथे चिठ्ठी असते. डिस्कवरच्या जगात मात्र एक्स्टेन्शन वगळणेही घातक आणि लपवणेही.

म्हणून एचटीएमएलच्या पहिल्या तासाला, पहिली खूण शिकवण्याआधी, फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ यादीत जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ हा पर्याय सुरू करून द्यावा. त्याला मिनिटही लागत नाही. आपल्याला हे जमत नाही, असा पहिल्याच दिवशी मनात रुजलेला ग्रह काढायला मात्र वर्षे लागतात.