खंडव्याची वखार आणि वेडाचा रकाना

आपले डोईफोडिया ज्या बऱ्हाणपूर जिल्ह्यात आहे, तो जिल्हा १५ ऑगस्ट २००३ ला झाला. त्याआधी जिल्ह्याच्या कामाला खंडवा गाठावे लागे, आणि इंग्रजी अमदानीत हा मुलूख मध्यप्रांताच्या निमाड जिल्ह्यात मोडत असे. निमाड म्हटले की आपल्या घरांत कापसाच्या गोष्टी निघतात. सरकारदरबारी मात्र या जिल्ह्याचे नाव आणखी एका पिकासाठी घेतले जाई. मध्यप्रांतात परवान्याने गांजा पिकवण्याची मुभा होती ती निमाडात. शेतातली नराची झाडे वेळीच उपटायची, म्हणजे मादीच्या तुऱ्यात बी धरत नाही. तयार माल खंडव्याच्या सरकारी वखारीत जायचा आणि सरकार त्यावर कर घ्यायचे.

१८९३ साली विल्यम केन या दारूबंदीवादी सभासदाने पार्लमेंटात या व्यापाराविषयी प्रश्न विचारला. गांजाने हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळे भरली आहेत, ही समजूत तेव्हा विलायतेत पक्की होती. सरकारने सात जणांचे कमिशन नेमले; त्यात तीन हिंदी सभासद होते. कमिशनने १,१९३ साक्षी घेतल्या. कलकत्त्याला माकडांना गांजाची धुरी देऊन त्यांचे मेंदूही तपासण्यात आले, पण माझ्या मते कमिशनचे खरे काम त्या प्रयोगशाळेत झाले नाही. ते इस्पितळांच्या नोंदवह्यांत झाले.

१८९२ साली हिंदुस्थानातल्या इस्पितळांत १,३४४ वेडे दाखल झाले होते. त्यांतल्या २२२ जणांच्या नावापुढे 'कारण' या रकान्यात गांजा-भांग-चरस लिहिलेले होते. हे लिहिले कोणी? रस्त्यावर भटकणाऱ्या माणसाला पोलीस पकडत, मॅजिस्ट्रेटपुढे नेताना एक तक्ता भरत, आणि इस्पितळाचा कारकून तोच तक्ता वहीत उतरवून घेई. रकाना रिकामा ठेवणे वरच्यांना रुचत नसे. त्या माणसाने कधी चिलीम ओढली होती एवढे कळले, की तेवढ्यावर भागे. कमिशनने त्या वर्षाच्या रुग्णांची एकेक करून फेरचौकशी करवली, आप्तांना आणि गावच्या माणसांना विचारायला लावले. कुणाला आधीपासूनच अपस्मार होता, कुणाच्या घराण्यात वेड होते; काहींनी तर वेड लागल्यावर चिलीम धरली होती. अखेर २२२ चे ९८ उरले. त्यातही नुसत्या गांजा-भांगेवर बोट ठेवता येईल असे ६१.

हे ६१ विसरून चालणार नाही. गांजा निर्दोष आहे असे कमिशनने कुठेच म्हटलेले नाही. बेताने घेणाऱ्याला फारसा अपाय नाही, अतिरेक करणाऱ्याला आणि ज्याचे मन मुळातच नाजूक आहे त्याला आहे, असा त्याचा निष्कर्ष. दोन हिंदी सभासदांनी तरीही आपली वेगळी मतपत्रिका जोडली.

चिलमीने चित्त एकाग्र होते, हे गोसावी-बैराग्यांचे म्हणणेही कमिशनने नोंदले. मुंबईचे गॅझेटियर सिद्ध करणाऱ्या जेम्स कॅम्पबेल यांनी भांगेच्या धार्मिक स्थानावर लिहिलेले टिपण अहवालाला जोडलेले आहे. वाद जुना आहे. पतंजलींनी सिद्धीची पाच साधने सांगितली, त्यांत औषधी आहे आणि समाधीही. २००६ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलंड ग्रिफिथ्स यांनी विशिष्ट अळिंब्यांत सापडणारे सायलोसायबिन निरोगी माणसांना देऊन अध्यात्मासारख्या अनुभवाचा अभ्यास केला. अशा प्रयोगांत ज्याच्या कुटुंबात तीव्र मनोविकार असेल त्याला सहसा घेत नाहीत. आपल्याच रेल्वेमार्गावर इगतपुरी आहे. १९७६ पासून तिथे विपश्यना शिकवतात. तिथल्या दहा दिवसांत नशा पूर्ण वर्ज्य, आणि प्रवेशाच्या अर्जात मनाच्या आजाराची विचारणा असते. वाटा अगदी उलट, पण दारावरचा प्रश्न एकच.

१९८५ च्या कायद्याने गांजा बंद झाला, भांगेची पाने मात्र त्या व्याख्येतून सुटली. आज आपल्या गावातून कुणाला मनाच्या आजारासाठी डॉक्टरकडे नेले, तर डॉक्टर बरोबर आलेल्या माणसाला विचारतात: हे कधीपासून, काही घेतो का, आणि घेत असेल तर आधी काय सुरू झाले, घरात आणखी कुणाला होते का. आपण बहुधा पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे देतो आणि शेवटच्याला गप्प बसतो.