दादाकाकांचे दुखणे

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे आले, की मला दादाकाका आठवतात. चकलीचा तुकडा मोडून ते तसाच ठेवीत आणि थोड्या वेळाने माजघरात, गुडघे पोटाशी घेऊन वाकून बसत. दारूच्या थेंबालाही न शिवलेला हा माणूस. पण ‘पिण्याचीच ही फळे!’ अशी कुजबुज आळीत चाले. पोटातल्या कळेपेक्षा तीच त्यांना अधिक लागे.

दुखणे होते स्वादुपिंडाचे. जठरामागे दडलेल्या या ग्रंथीची नळी विर्सुंगने १६४२ साली पादुआ येथे शोधली. ती कशासाठी आहे, हे त्याला उमगले नव्हते. पुढल्याच वर्षी त्याचा खून झाला. दाह जुना झाला म्हणजे ही नळी आक्रसते, तीत खडे धरतात, रस तुंबतो, मज्जातंतूही दुखावतात आणि कळ थेट पाठीत जाते.

दारू हे याचे मोठे कारण खरे, पण एकमेव नव्हे. केरळात डॉ. गीवर्गीस यांनी साठच्या दशकात न पिणाऱ्या तरुणांतही हा रोग असल्याचे दाखविले.

उपाय काय? मॉर्फीनने कळ शमते, पण सवय जडते. १९५८ साली अमेरिकेत प्यूस्टो आणि गिलेस्बी यांनी तुंबलेली नळी लांबवर उघडून आतड्याला जोडली. १९६० मध्ये पार्टिंग्टन आणि रोशेल यांनी ती शस्त्रक्रिया सोपी केली. पुढे तोंडावाटे दुर्बीण घालून खडे काढणे आले. तरीही नळी तुंबलेल्या ८८ रुग्णांवरील हॉलंडमधल्या चाचणीत, शस्त्रक्रिया लवकर केलेल्यांना वेदना कमी राहिल्या, असे २०२० साली प्रसिद्ध झाले. दारू आणि तंबाखू सोडणे मात्र प्रत्येकाला आवश्यकच.

काकांची शस्त्रक्रिया १९७६ साली मुंबईत झाली. कळ पुरती गेली नाही. पण वाकून बसणे सुटले. त्या दिवाळीत त्यांनी क्ष-किरणांची फिल्म आकाशकंदिलासमोर धरली आणि शेजाऱ्यांना ते पांढरे खडे एकेक करून दाखविले. कोणी काही बोलले नाही.

मग काकांनी अर्धी चकली खाल्ली. लाडू तेवढा माझ्या ताटात टाकला. स्वादुपिंड थकले, म्हणून मधुमेह जडला होता. पण त्या दिवशी ते हसत होते.

वाचकहो, पोटातले दुखणे डोळ्यांना दिसत नाही. पण दुखणाऱ्यावर विश्वास ठेवायला फिल्मची वाट कशाला पाहावी?