लोकप्रियतेची मोजदाद : १९५०–६० या दशकातील हिंदी चित्रपटगीते आणि ‘बिनाका गीतमाला’

एखाद्या दशकातील सर्वांत लोकप्रिय गीते कोणती, हा प्रश्न वरवर पाहता केवळ रंजनाचा वाटतो. परंतु लोकप्रियता ही इतिहासाची वस्तू मानावयाची, तर ती कोणी मोजली, कोणत्या साधनांनी मोजली आणि त्या मोजणीतून कोण वगळले गेले, ह्या प्रश्नांची उत्तरे प्रथम शोधावी लागतात. १९५० ते १९६० ह्या दशकातील हिंदी चित्रपटगीतांच्या बाबतीत ह्या मोजणीचे प्रमुख साधन म्हणजे रेडिओ सिलोनवरील ‘बिनाका गीतमाला’ होय. गतकाळातील गीतांची चर्चा करताना तिच्या वार्षिक याद्या पुष्कळदा निर्णायक पुराव्यासारख्या वापरल्या जातात. त्या पुराव्याची मर्यादा आणि महत्त्व ह्या दोहोंचा विचार येथे करावयाचा आहे.

ह्या यादीचा जन्म एका सरकारी धोरणातून झाला. १९५२ मध्ये डॉ. बा. वि. केसकर यांच्याकडे माहिती व नभोवाणी खाते आले. शास्त्रीय संगीताला राजाश्रय गेल्यानंतर लोकाश्रय मिळवून द्यावा आणि त्यासाठी आकाशवाणीचा उपयोग करावा, अशी त्यांची भूमिका होती. चित्रपटगीतांचे प्रमाण घटविण्यात आले, आणि चित्रपटाच्या नावाचा उच्चार ही एक प्रकारची जाहिरातच होय, ह्या कारणास्तव तो बंद करण्यात आला. निर्मात्यांनी ध्वनिक्षेपणाची अनुमती काढून घेतली, आणि काही महिन्यांतच आकाशवाणीवरील चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. श्रोत्यांची आवड मात्र त्यामुळे नाहीशी झाली नाही. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातील मित्रराष्ट्रांच्या सैन्यासाठी उभारलेला शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपक कोलंबो येथे होता. त्याच्या लहरी भारतभर पोहोचत, आणि तेथे जाहिरातींना मज्जाव नव्हता. ३ डिसेंबर १९५२ रोजी, सिबा कंपनीच्या ‘बिनाका’ ह्या दंतप्रसाधनाच्या प्रायोजकत्वाखाली, अमीन सयानी यांच्या निवेदनाने हा कार्यक्रम सुरू झाला. त्याचे ध्वनिमुद्रण मुंबईत होई आणि फिती कोलंबोला पाठविल्या जात.

आरंभी कार्यक्रमाचे स्वरूप स्पर्धेचे होते. सात गीते ऐकवावयाची, श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून पत्राने कळवावयाचा, आणि बक्षीस १०० रुपये. पहिल्या कार्यक्रमास सुमारे ९,००० पत्रे आली आणि वर्षभरात हा आकडा आठवड्याला ६५,००० पर्यंत गेला, असे सयानी यांनी पुढे अनेकदा सांगितले. हे आकडे आयोजकाच्या आठवणीतील आहेत, हे विसरता येत नाही. तथापि पत्रांचा हा भार आवरेना म्हणूनच १९५४ च्या सुमारास स्पर्धा मागे पडून क्रमवारी पुढे आली, ह्यावरून त्यांची दिशा तरी विश्वसनीय ठरते. ह्या क्रमवारीसाठी श्रोत्यांची पत्रे, ध्वनिमुद्रिकांच्या दुकानांतील विक्री आणि श्रोतासंघांची मते ह्यांचा आधार घेतला जाई.

वार्षिक याद्यांतील अग्रस्थाने पाहिली असता काही गोष्टी स्पष्ट होतात. १९५३ मध्ये ‘अनारकली’तील लता मंगेशकर यांचे गीत अग्रभागी होते, त्याचे संगीतकार पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, अर्थात सी. रामचंद्र. १९५४ मध्ये ‘टॅक्सी ड्रायव्हर’, १९५५ मध्ये ‘श्री ४२०’, १९५६ मध्ये ‘सी. आय. डी.’तील मुंबई शहरावरील गीत, १९५७ मध्ये ‘जनम जनम के फेरे’, १९५८ मध्ये ‘सोलवा साल’ आणि १९५९ मध्ये ‘चलती का नाम गाडी’ असा क्रम लागतो. ह्या सात वर्षांत सचिन देव बर्मन तीनदा अग्रस्थानी आहेत, नौशाद एकदाही नाहीत. पहिल्या फिल्मफेअर पारितोषिकांत संगीतकाराचा मान ‘बैजू बावरा’साठी नौशाद यांनाच मिळाला होता, हे लक्षात घेतले म्हणजे यादीवरून त्यांच्या लोकप्रियतेचा निर्णय करणे किती धोक्याचे आहे हे कळते. ‘बैजू बावरा’ (१९५२), ‘आवारा’ (१९५१) आणि ‘अलबेला’ (१९५१) हे चित्रपट पहिल्या वार्षिक यादीपूर्वीचे. दशकातील पहिली तीन वर्षे ह्या मोजणीच्या बाहेरच राहतात. ‘आवारा’च्या गीतांची कीर्ती १९५४ नंतर सोव्हिएत संघात पसरली, तिचा पुरावा ह्या याद्यांत नव्हे, अन्यत्र शोधावा लागतो.

१९५७ चे उदाहरण विशेष बोधक आहे. ‘मदर इंडिया’, ‘प्यासा’ आणि ‘नया दौर’ ह्यांचे ते वर्ष. संगीताचे फिल्मफेअर पारितोषिक ‘नया दौर’साठी ओ. पी. नय्यर यांना मिळाले; श्रोत्यांच्या यादीत मात्र श्री. ना. त्रिपाठी यांनी संगीत दिलेल्या एका पौराणिक धाटणीच्या चित्रपटातील गीत सर्वांच्या वर होते. तो चित्रपट पुढे विस्मृतीत गेला. उत्तरकालीन अभिरुचीने जे निवडले ते त्या वर्षी लोकांनी निवडलेच होते असे नाही, ही गोष्ट यादी नसती तर आज सिद्ध करता आली नसती. यादीचे खरे मोल येथे आहे : ती स्मृतीची दुरुस्ती करते.

परंतु यादीतील ‘लोक’ कोण? १९५१ च्या जनगणनेनुसार पाच वर्षांवरील लोकसंख्येत साक्षरतेचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते. पत्र लिहिणारा श्रोता ह्या अल्पसंख्येतील. ध्वनिमुद्रिका विकत घेणारा त्याहूनही थोड्यांपैकी. हॉटेलात वा पानाच्या दुकानासमोर उभे राहून ऐकणारा, आणि घरकाम करता करता गीत कंठगत करणारी स्त्री, ह्यांची गणना कोठेही झाली नाही. शिवाय यादी नव्या चित्रपटगीतांचीच होती. १ एप्रिल १९५५ पासून आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या ‘गीतरामायणा’ची ५६ गीते वर्षभर सादर झाली आणि मराठी घराघरांत गायिली गेली. हे दोघेही चित्रपटसृष्टीतीलच. पण त्यांचे हे यश कोणत्याही क्रमवारीत मोजले गेले नाही. लोकप्रियता निर्माण करण्याचे सामर्थ्य आकाशवाणीत नव्हते असे नाही, हेही त्यावरून दिसते.

३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली, आणि पाच वर्षांपूर्वीचे धोरण व्यवहारात शिथिल झाले. गीतमाला १९८८ पर्यंत सिलोनवरून आणि १९८९ पासून विविध भारतीवरून ऐकू येत राहिली. चित्रपटगीतांना दूर ठेवण्याच्या प्रयत्नातूनच त्यांच्या लोकप्रियतेची सर्वांत दीर्घ नोंद निर्माण झाली. ती नोंद समग्र समाजाची नव्हे, बोलत्या झालेल्या श्रोत्यांची आहे. त्या मर्यादेत ती वाचली तर प्रतिष्ठितांच्या अभिरुचीहून वेगळा असा एक निवाडा तिच्यात प्रथमच आकड्यांत उमटलेला दिसतो. त्या मर्यादेबाहेर ती ताणली, तर ज्यांच्या मुखी ही गीते होती त्यांतील बहुसंख्यांनाच इतिहासातून वगळल्यासारखे होईल.