चालला म्हणजे टिकला का?

आता पायथनचंच उदाहरण घेऊ. डिसेंबर 2008 मध्ये पायथन 3 आलं आणि जुने प्रोग्रॅम त्यावर जसेच्या तसे चालेनात. प्रिंटला कंस नसला की प्रोग्रॅम अडायचा. ते बरं, चूक निदान दिसायची! पण 7 भागिले 2 चं उत्तर जुन्यात 3 यायचं, नव्यात 3.5. म्हणजे कुठलीही तक्रार न होता हिशोबच बदलायचा. रूपांतराचं साधन सोबत दिलं होतं, पण हा भागाकार ते तसाच सोडून देई. शेवटी जुन्या आवृत्तीची मुदत 2015 वरून 2020 पर्यंत वाढवावी लागली. म्हणून मंडळी, आधी प्रोजेक्टची प्रत काढा, दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवा, उत्तरं ताडून पाहा. प्रोग्रॅम चालला म्हणजे तो शाबूत राहिला, असं नाही.