आकडा कोणी वाचायचा?

घोडेगावहून भीमाशंकरच्या वाटेला लागले की डिंभे येते. घोड नदीवरचे हे धरण कुकडी प्रकल्पातल्या पाच धरणांपैकी एक. साठवण सुमारे साडेतेरा टीएमसी. जलाशयाला नाव आमच्याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळच्या हुतात्मा बाबू गेनूंचे. पायथ्याशी पाच मेगावॉटचे वीजगृह आहे. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते जुने आंबेगाव या पाण्याखाली गेले. धरणाचे पाणी कालव्याने कुठे जाते, हे डोळ्यांना दिसते. वीज मात्र तारेत शिरली की दिसत नाही. म्हणून तिचा हिशेब हा विश्वासाचा मामला होतो आणि भिंतीवरचे मीटर देणारा व घेणारा यांच्यामधला साक्षीदार ठरते. आज स्मार्ट मीटरवरून जो वाद चालला आहे, तो समजून घ्यायचा तर या साक्षीदाराचा इतिहास पाहायला हवा.

एडिसनने १८८०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये वीज विकायला सुरुवात केली, तेव्हा त्याचे मीटर म्हणजे काचेचे भांडे होते. त्यात जस्ताच्या पट्ट्या बुडवलेल्या असत. वीज वाहिली की एका पट्टीवरचे जस्त दुसरीवर जाऊन बसे. महिन्याने कंपनीचा माणूस पट्ट्या घेऊन जाई, वजन करी आणि त्यावरून बिल निघे. शास्त्र बरोबर होते, पण गिऱ्हाइकाला स्वतःच्या घरातले मीटर वाचता येत नव्हते. १८८९ मध्ये हंगेरीच्या ओट्टो ब्लाथी यांनी फिरत्या चकतीचे मीटर तयार केले. पुढे त्याच तत्त्वावरचे, आकडे दाखवणारे मीटर जगभर घरोघरी पोचले. वीज देणारा आणि घेणारा, दोघेही आता एकच आकडा वाचू लागले.

आमच्या पिढीने ते मीटर पाहिले आहे. काळे खोके, पुढे काच, आत फिरणारी ॲल्युमिनियमची चकती आणि तिच्यावरची खूण. आमच्या अब्बांची पिठाची गिरणी होती. एका बाजूला दळण मोजायचा तराजू, दुसऱ्या बाजूला भिंतीवर मीटर. तराजू नेहमी गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवलेला असे. अब्बा चौथी शिकलेले, पण महिन्याच्या पहिल्या तारखेला मीटरचा आकडा वहीत उतरवत आणि बिल आले की वहीशी ताडून पाहत. ते म्हणत, ‘माप दोघांनाही दिसलं, तर भांडण होत नाही.’

विजेच्या बाबतीत ते प्रत्येकाला दिसत नव्हते. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात शेतीपंपांना अश्वशक्तीवर ठोक दर लागू झाला. मोटर तासभर चालो की दहा तास, पैसे तेवढेच. रानोमाळ विखुरलेली मीटरे वाचण्याचा खर्च वाचला, पण हिशेब अंदाजाचा झाला. १९८८-८९ मध्ये आलेल्या ‘कुटीर ज्योती’ योजनेने गरिबांच्या झोपडीत एक दिवा लावला, तोही बहुतेक ठिकाणी मीटरविनाच.

मराठीत ‘आकडा’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक मीटरमध्ये पडतो, दुसरा रात्री तारेवर पडतो. गळतीचा विषय निघाला की सगळ्यांचे बोट या दुसऱ्या आकड्याकडे जाते. पण १९९९ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोग स्थापन झाला आणि २००० मध्ये त्याच्यासमोर दरवाढीची सुनावणी झाली, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या संस्थांच्या अभ्यासकांनी मंडळाच्या कागदांची चिरफाड केली. वीस टक्क्यांच्या आत म्हणून सांगितली जाणारी गळती प्रत्यक्षात तीस टक्क्यांच्या वर निघाली. मीटर नसलेल्या पंपांच्या नावावर जास्त वापर दाखवला जात होता आणि त्याखाली गळती झाकली जात होती. बोल मात्र शेतकऱ्याला लागत होता. मीटर फक्त गिऱ्हाइकाला मोजत नाही. ते कंपनीलाही मोजते, हा त्या सुनावणीचा धडा. २००३च्या वीज कायद्याने मीटरशिवाय वीज देऊ नये, असे बंधन घातले. तरी आजही अनेक पंप अश्वशक्तीच्याच दरावर चालतात.

आता स्मार्ट मीटर. केंद्राची योजना २०२१ची. २०२३ मध्ये महावितरणने सुमारे सव्वादोन कोटी मीटरांची कंत्राटे दिली. शेतीपंप यातून वगळले आहेत. हे मीटर दिवसभरातल्या वापराची वेळेनुसार नोंद ठेवते आणि ती मोबाइलच्या जाळ्यावरून आपोआप पाठवते. आधी पैसे भरा, मग वीज वापरा, अशी मूळ कल्पना होती. पैसे संपले की अंधार, या भीतीने लोक रस्त्यावर आले. जून २०२४ मध्ये, सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही, असे सरकारला जाहीर करावे लागले. नंतर ‘टीओडी’ या नावाने, बिल नंतर देण्याच्या पद्धतीने मीटर बसू लागले आणि २०२५ मध्ये दिवसाच्या घरगुती वापराला युनिटमागे ८० पैशांपासून सवलत जाहीर झाली.

विजेच्या वेळेची किंमत आमच्या भागाला नव्याने सांगायला नको. जुन्नर-आंबेगावचा शेतकरी रात्रीच्या विजेवर उसाला पाणी देताना बिबट्याच्या भीतीने जीव मुठीत धरतो आणि दिवसा वीज मागतो. दुकानदाराला, गिरणीवाल्याला, शिवणयंत्र चालवणाऱ्या बाईला कोणत्या तासाला किती वीज गेली हे कळले, तर फायदाच आहे. प्रश्न एवढाच, की कळणार कोणाला? मीटर पाहायला येणारा माणूस आता येणार नाही. त्याला अंगणात उभे करून विचारता येत होते. ॲपला विचारायचे तर फोन हवा, डोंगरात रेंज हवी आणि ते वाचता यायला हवे.

तरी दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. नव्या मीटरलाही पडदा असतो. त्यावरचे युनिट महिन्याच्या महिन्याला वहीत लिहावेत. आणि २०२४ मध्ये सुधारलेल्या ग्राहक हक्क नियमांनुसार, रीडिंगबद्दल तक्रार केल्यास पाच दिवसांत दुसरे मीटर जोडीला बसवून किमान तीन महिने पडताळणी करायची असते. हे गावोगावच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लिहिलेले असावे. वीज कंपनीच्या माणसाने मीटर बसवताना घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ते वाचायला शिकवावे. त्याला पाच मिनिटे पुरतात.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)